परड्यातलं तळं: आधी पाणी, मग कात्री

मी बेळगावच्या वडगावात ब्लाऊज शिवते. घराच्या मागं अठरा बाय तीसचं परडं आहे. त्यात एक आंबा, दोन नारळ, कर्दळीची रांग आणि २०२१ च्या उन्हाळ्यात मी खणलेलं सात फूट लांब, पाच फूट रुंद तळं. माप द्यायला आलेली बाई मागच्या खिडकीतून डोकावते आणि पहिला प्रश्न ठरलेला, "डास होत नाहीत काय वो?" दुसरा, "साप येत नाहीत?" तिसरा प्रश्न मात्र हल्ली वाढलाय: "आम्हाला करता येईल काय?" येईल. कसं ते सांगते. माझ्या चुका धरून सांगते, कारण त्यातूनच जास्त शिकले.

पहिली चूक तळ्याच्या आधीची. आमचं घर विणकरांचं. सासऱ्यांच्या काळात मागच्या बाजूला सूत रंगवायचा सिमेंटचा हौद होता, चार फूट खोल, सरळ भिंतींचा. रंगकाम बंद होऊन कितीतरी वर्षं झाली होती. तयार हौद आहे, खणायचं कशाला, म्हणून मी तो घासून धुतला, पाणी भरलं, कमळाचं एक रोप सोडलं. पंधराएक दिवसांनी सकाळी पाण्यावर खार मेलेली. वैशाखातलं ऊन, बिचारी पाणी प्यायला उतरली असणार. भिंतीच्या ओल्या भागावर तिच्या नखांचे बारीक ओरखडे होते, चारी बाजूंनी. म्हणजे ती पोहत फिरत राहिली होती. आठवड्याने दोन भेक, म्हणजे खरबरीत अंगाचे बेडूक, तसेच मेले. हौद मी उपसून टाकला आणि आता त्यात सरपण ठेवते.

तेव्हा तळ्याचं काम काठापासून सुरू होतं. मधली खोली दीड फूट असो की अडीच, फार बिघडत नाही. पण निदान एका बाजूने पाण्यात चालत उतरता आलं पाहिजे आणि चालत बाहेर येता आलं पाहिजे. पक्षी घोट्याएवढ्या पाण्यातच अंघोळ करतात, बेडकाचं पिल्लू शेपटी आखडत आली की उथळातूनच जमिनीवर येतं, फुलपाखरं आणि मधमाश्या तर ओल्या मातीवर बसूनच पाणी ओढतात. खोल पाण्याचं काम एवढंच, की चैत्रात सगळं तापू नये आणि आटू नये.

जागा शोधताना लोक परड्याचा सर्वात सखल कोपरा धरतात. पाणी तिकडंच जातं ना! पण न्हाणीचं साबणाचं पाणी आणि भांड्यांची राखही तिकडंच जाते. सखल कोपरा सोडा. आंबा, फणस, चिंच यांच्या थेट खाली नको, पाला पडून कुजतो आणि पाणी काळं होतं. नारळाच्या बुंध्यापासून सहा-सात फूट लांब राहा. शौचालयाच्या टाकीजवळ नको, आडाला लागून नको. दिवसाकाठी पाच-सहा तास ऊन हवं, आणि दुपारी दोननंतर थोडी सावली मिळाली तर आपल्याकडच्या एप्रिल-मेला बरं. आणखी एक, जिथून तुमची रोज नजर जाते तिथं करा. मी मशीनवर बसते त्या खिडकीसमोर केलं. परड्याच्या टोकाला केलेलं तळं महिन्याभरात विसरलं जातं.

घरात रांगतं किंवा नुकतं चालायला लागलेलं मूल असेल तर थांबा. टीचभर पाणीसुद्धा लहान मुलाला बुडायला पुरतं. माझी नात दीड वर्षाची झाली तेव्हा मी चारी बाजूंनी बांबूचं तीन फुटी कुंपण केलं आणि त्याला कडी लावली. कुंपण असूनही तिला एकटीला मागं सोडत नव्हते.

खणायला सर्वात चांगला काळ अक्षय्य तृतीयेच्या आसपासचा. रोहिणीचा पाऊस लागायच्या आत खड्डा तयार, मृगात भरायला मोकळं. आमची वडगाव-शहापूरकडची माती काळी, भाताची. बेळगावी बासमती पिकतो ती. ओली असली की लोण्यासारखी, वाळली की टिकाव उडवून लावते आणि बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. मी आदल्या संध्याकाळी चार बादल्या पाणी ओतायची आणि सकाळी सहाला खोरं घेऊन उतरायची. पाच दिवसांत झालं. माझी मी मोजलेली माती शंभरेक बुट्ट्या निघाली. वरची टीचभर चांगली माती वेगळी ठेवा, काठावर लागते. खालची एका बाजूला बांधासारखी रचा. तीवर मी गवती चहा लावलाय.

शेजारच्या अक्का कन्नड बोलणाऱ्या, त्यांनी भिंतीवरून विचारलं होतं, "होंड खणायलाय काय?" शेतात खणतात तो होंड त्यांना ठाऊक, सरळ चौकोनी. मी म्हटलं, होंडच, पण पायऱ्यांचा.

त्या पायऱ्या अशा. आधी जमिनीवर रांगोळीने आकार काढा, कोपरे न ठेवता, शेंगदाण्यासारखा नाहीतर अंड्यासारखा. कोपऱ्यात कागद, म्हणजे खड्ड्यात अंथरायचं जाड प्लास्टिक, गोळा होतो, ब्लाऊजच्या बगलेत कापड गोळा होतं तसा. मग काठापासून आत फूटभर रुंदीची पट्टी चार-पाच इंच खोल खणायची. ही पहिली पायरी. तिच्या आत पुन्हा एक पट्टी, एक फूट खोल. मधला भाग दोन फूट. आणि एका बाजूला, माझ्याकडे पूर्वेला, पायऱ्या नाहीतच, सरळ उतार आहे, जनावरं नदीत उतरतात तसा. तीन पावलं पुढं गेल्यावर एक पाऊल खाली, एवढा मंद. त्याहून तीव्र केला तर खडे घरंगळून मधे जातात आणि पुन्हा उघडा कागद राहतो.

यानंतरचं काम बहुतेक लोक डोळ्यांनी करतात आणि फसतात. काठ चारी बाजूंनी एका पातळीत हवा. पाणी कुणाचं ऐकत नाही. एक बाजू दोन इंच उंच राहिली, की त्या बाजूला कायम काळा कागद दिसत राहतो. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी आणा, वीस फूट पुरते. त्यात पाणी भरायचं, बुडबुडा राहू द्यायचा नाही, दोन माणसांनी दोन टोकं दोन काठांवर धरायची. दोन्हीकडचं पाणी जिथं थांबेल ती पातळी. माझं एक टोक ह्यांनी धरलं होतं आणि नळी खाली-वर करत होते, त्यामुळे आमचं तासभर भांडण झालं. दोन खुंट्या रोवून नळी बांधून टाका, संसार टिकतो. एका ठिकाणी मात्र काठ मुद्दाम अर्धा इंच खाली ठेवा. तो सांडवा. आषाढात जादा पाणी तिथून निघून कर्दळीला जातं.

आता पाणी धरायचं कशानं. माझं माहेर खानापूर तालुक्यातलं, जांबोटीच्या बाजूचं. तिकडं तांबडी माती, खाली जांभा. तिथं नुसता खड्डा भरला तर सकाळपर्यंत कोरडा. पण त्याच गावात भाताच्या खाचरात घोटाभर पाणी महिनोन्‌महिने उभं असतं, ते चिखलणीमुळे. पाण्यात माती तुडवून तुडवून तिची भुसभुशीत घडण मोडते, बारीक कण खाली बसतात आणि त्यांचा घट्ट थर होतो. त्याच पद्धतीने चिकणमातीचा निदान अर्धा फुटाचा थर ओला करून पायांनी तुडवून तळं करता येतं, आणि ज्यांच्याकडे चिकणमाती आणि तुडवायला माणसं दोन्ही आहेत त्यांनी तसंच करावं. अडचण एकच. उन्हाळ्यात पाणी आटून थर उघडा पडला की भेगा आणि मग पुन्हा पहिल्यापासून. आमच्या काळ्या मातीत तर विचारायलाच नको. म्हणून मी शेततळ्याचा कागद घेतला, ५०० मायक्रॉनचा. साधी ताडपत्री घेऊ नका, दोन उन्हाळ्यांत तिचे तुकडे पडतात.

कागद किती, हा हिशोब शिवणकाम करणाऱ्या बाईला सांगावा लागत नाही. लांबीत दुप्पट खोली मिळवायची आणि दोन्हीकडे एकेक फूट दाब सोडायचा. माझं तळं सात फूट लांब, दोन फूट खोल: सात अधिक चार अधिक दोन, तेरा फूट. रुंदीला पाच अधिक चार अधिक दोन, अकरा. तेरा बाय अकरा. दुकानदार म्हणाला बारा बाय दहा पुरेल. त्याला तळं कुठं घालायचं होतं! दाब सोडलेला कधी वाया जात नाही, कमी पडलेला जोडता येत नाही.

कागद घालण्याआधी खड्ड्यात अनवाणी चाला. पायाला टोचेल ते कागदाला टोचणार. खडे, मुळ्या, काचा वेचून काढा. त्यावर मऊ अस्तर. लोक गोणपाट घालतात, चालतं, पण ते कुजतं. माझ्याकडे पॉलिस्टरच्या चिंध्यांची कमी नव्हती, त्या कुजत नाहीत. चार बोटं जाडीचा थर दिला.

कागद दुपारच्या उन्हात अर्धा तास पसरून ठेवा, मऊ पडतो. मग चौघांनी चार टोकं धरून खड्ड्यावर सैल सोडा, ताणू नका. चुण्या पडणारच, गोल खड्ड्यात सपाट कापड बसवताय. बारीक बारीक वीस चुण्या येऊ देण्यापेक्षा तीन-चार मोठ्या प्लेट घाला, परकराला घालतो तशा, आणि प्लेटचं तोंड उताराच्या बाजूला नको. मग मधोमध पाणी सोडायला सुरुवात करा. पाण्याचं वजन कागदाला ओढत नेतं, तुम्ही कडेने प्लेट सारख्या करत राहायचं. पूर्ण भरल्यावर रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी बघा, कागद आणखी दोन-तीन बोटं आत गेलेला असतो. त्याच्या आधी कडेचा एक इंचही कापायचा नाही. आधी पाणी, मग कात्री. काठाबाहेर सहा इंचांचा चर खणून कागदाची कड त्यात वळवून पुरायची, वरून माती आणि दगड. ऊन लागेल असा कागद कुठंही उघडा ठेवू नका, उन्हानेच तो मरतो.

माझ्या तळ्याची मोठी चूक इथंच झाली. पूर्वेच्या उतारावर माती ठरेना, घसरून पाण्यात जायची. मला वाटलं खाली कापड असेल तर धरेल. सासूबाईंची एक जुनी सुती साडी होती, जांभळी, इरकल. ती दुहेरी करून उतारावर पसरली, एक टोक पाण्यात, दुसरं बाहेर मातीत पुरलं, वर खडे टाकले. फार छान दिसलं. दुसऱ्या दिवसापासून पाणी कमी व्हायला लागलं, रोज दीड-दोन बोटं. मी वर भरायची, पुन्हा खाली. कागदाला भोक पडलं असं धरून मी अर्ध्याहून जास्त तळं उपसलं आणि हात फिरवत भोक शोधत बसले. सापडेना. त्याच रात्री मृगाचा पहिला मोठा पाऊस आला. उतारावरची कड अजून चरात पुरलेली नव्हती. कौलांवरच्या पागोळ्यांचं पाणी थेट कागदाखाली शिरलं आणि सकाळी तळ्याच्या मधोमध कागद पुरीसारखा टम्म फुगून वर आला होता. मी रडायचीच बाकी होते.

सासूबाई काठी टेकत मागं आल्या. फुगलेल्या कागदाकडे त्यांनी पाहिलंच नाही. वळचणीखाली, पाऊस लागत नाही त्या पट्टीकडे बोट केलं. तिथली माती काळी ओली होती आणि साडीचा जांभळा काठ तिच्यातून बाहेर आला होता. म्हणाल्या, "समई लावून ठेवलीस की." वात तेल ओढते तशी साडी आठवडाभर तळं ओढून कोरड्या मातीला पाजत होती. भोक नव्हतंच. साडी ओढून काढली, कडेला एक चर मारून कागदाखालचं पाणी काढलं, कागद पुन्हा बसवला, कड नीट पुरली. त्यानंतर पाणी थांबलं. तेव्हा कापड, गोणपाट, गवताची मुळी, माती, यातलं काहीही कागदाच्या कडेवरून आतबाहेर अखंड जाऊ देऊ नका. मधे कागदाची कड बोटभर उभी राहिली पाहिजे, दगडांआड लपवली तरी चालेल. आणि पावसाळ्यात तळं कधी रिकामं करू नका, वरचं पाणीच कागदाला दाबून ठेवतं.

आत घालायला शेणखताची माती चालत नाही. खतावर शेवाळ पोसतं आणि पाणी वाटाण्याच्या आमटीसारखं होतं. मी जांभ्याच्या कपच्या आणल्या, चिरे तासतात तिथं फुकट मिळतात. तीनदा धुतल्या, तरी चौथ्यांदा तांबडं पाणी आलंच. उतारावर बारीक, पायरीवर मोठ्या. मधे दोन मोठे दगड असे ठेवा की डोकं पाण्याबाहेर राहील.

पाणी पावसाचं सर्वात उत्तम. पहिल्या एक-दोन पावसांचं कौलावरचं पाणी वाहून जाऊ द्या, त्यात धूळ आणि पाखरांची घाण असते. त्यानंतरचं पन्हळीने वळवा. नळाचं भरायचं झालं तर क्लोरीन उडायला दोन-तीन दिवस उघडं ठेवूनच मग झाडं सोडा. मी सुरुवातीला आडाचं भरलं होतं.

झाडं कमी लावा, ती आपण होऊन पसरतात. दोन फुटांत एक कुमुद, जुन्या बादलीला भोकं पाडून, मातीवर कपच्यांचा थर देऊन. पाण्याखाली राहणारी हायड्रिला मूठभर, ती दिसत नाही पण पाण्यात प्राणवायू तीच सोडते आणि किड्यांना लपायला जागा तीच देते. फूटभर पाण्यात वेखंड. उथळात जलब्राह्मी, लव्हाळा आणि काठाला अळू. अळू तर प्रत्येकाच्या न्हाणीमागे असतोच. फक्त तळ्यातल्या अळूची वडी करायची तर नीट शिजवा, माझा घसा अजून खाजतोय. ब्राह्मी आणि हायड्रिला मला माहेरच्या खाचराच्या चरात मिळाली. आणलेलं सगळं टबात दोनदा धुऊन घ्या आणि जलपर्णीचा एवढासा तुकडाही आत जाऊ देऊ नका. जांभळ्या फुलांना भुलू नका. बळ्ळारी नाल्यात ती कशी माजलीय हे आमच्या शिवारातल्या कुणालाही विचारा. पाणकणीसही लहान तळ्यात नको, त्याचे कोंब टोकदार असतात, कागद फाडतात.

मासे सोडू नका. मला गप्पी मासे फुकट देणारे तिघं भेटले. गप्पी आपल्याकडचे नव्हेत, मुळात दक्षिण अमेरिकेतले. ते डासांच्या अळ्या खातात हे खरं, पण बेडकांची अंडी आणि नुकती फुटलेली पिल्लंही खातात, आणि महिन्याभरात पाचाचे पन्नास होतात. बेडूकही आणून सोडू नका, ते येतात.

ते कसे येतात हे बघायलाच तर सगळं केलं. तिसऱ्या दिवशी निवळ्या आल्या, सहा पायांवर पाण्याला खळगी पाडत धावणाऱ्या. कुठून आल्या देव जाणे. आठवड्याने तांबडा चतुर वेखंडाच्या पात्यावर बसायला लागला. त्याची मादी शेपटीचं टोक पाण्याला टिपत टिपत जाते, टाका घालावा तशी. प्रत्येक टाक्याला अंडी. आर्द्रा लागल्यावर एका रात्री भेकांचा असा आवाज, की ह्यांनी उशी डोक्यावर घेतली. सकाळी हायड्रिलाला गुंडाळलेल्या लांब पारदर्शक नळ्या, आत काळे मणी ओळीने, थेट काळ्या पोतीसारख्या. भेकाची अंडी अशी माळेत असतात, बेडकांची बहुधा पुंजक्यात. आणि श्रावणात अळूच्या पानाच्या पाठीवर पांढरा फेस. मला वाटलं कुणी भांडी घासून साबण उडवलाय, पुसायला फडकं घेतलं सुद्धा. हात लावला तर फेस घट्ट, वरून सुकून कडक झालेला. ते झाडबेडकाचं घरटं होतं. मादी पाण्यावर लोंबणाऱ्या पानावर द्रव सोडून पायांनी घुसळून फेस करते आणि त्यात अंडी घालते. चौथ्या दिवशी फेस खालून विरघळला आणि शेपटीवाली पिल्लं एकेक करून टपटप पाण्यात पडली. गिऱ्हाईक ब्लाऊजसाठी थांबलं होतं, थांबू दे म्हटलं.

वडील सांगायचे, त्यांच्या तरुणपणी पहिल्या पावसात लोक कंदील घेऊन पिवळे मोठे बेडूक पकडायला यायचे, पोती भरून न्यायचे. १९८७ साली बेडकांच्या तंगड्यांची निर्यात सरकारने बंद केली. चोरून धरणारे अजून असतात. तुमच्या तळ्यात तो पिवळाजर्द मोठा बेडूक आला तर गावभर सांगत फिरू नका.

आता डास. नव्या तळ्यात पहिले तीन आठवडे अळ्या होतात, खोटं कशाला सांगू. डास पाणी मिळाल्याबरोबर अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. त्याला खाणारे मागून येतात. तेवढे दिवस रोज संध्याकाळी कडेने मलमलच्या गाळणीने अळ्या काढायच्या. गाळणी मी बांगडीला मलमल शिवून केली. त्यानेही आवरलं नाही तर बीटीआय नावाची जिवाणूंची पूड मिळते, ती डासांच्या अळ्यांना मारते आणि चतुरांच्या पिल्लांना, बेडकांना सोडते. मात्रा पाकिटावर असते. रॉकेल, फिनेल, तेल यातलं काही नको. त्याने सगळंच मरतं, आणि परत आधी येतो तो डासच.

दुसऱ्या वर्षी डेंग्यूच्या दिवसांत घरोघर पाणी तपासणाऱ्या आशाताई आल्या. तळं बघून त्यांनी पिशवीतून औषधाची बाटलीच काढली. मी म्हटलं, ताई, दोन मिनिटं. पांढऱ्या वाटीने तीन ठिकाणचं पाणी घेतलं. पहिल्या दोन वाट्यांत अळी नाही. तिसरीत एकच अळी वळवळत होती आणि शेजारी चिखलाच्या रंगाचा चतुराचा पिल्लू-किडा, सहा पायांचा, बटबटीत डोळ्यांचा. आम्ही दोघी बघत असतानाच त्याच्या हनुवटीखालची घडी उलगडली, हात लांब करावा तशी पुढं झेपावली आणि अळी गेली. त्या म्हणाल्या, "अरे देवा." बाटली पिशवीत गेली. मग त्यांनी माझ्याच छपरावरच्या फुटक्या टायरात आणि फ्रीजमागच्या ताटलीत अळ्या दाखवल्या. डेंग्यूचा डास अशा लहान, स्वच्छ, खाणारं कुणी नसलेल्या पाण्यात खुशाल वाढतो. आता दर रविवारी तळ्याची वाटी आणि घरातली भांडी, दोन्ही तपासते.

साप येतो. वर्षातून दोन-चारदा बुद्धिबळाच्या पटासारख्या ठिपक्यांचा इरुळा येतो, म्हणजे पाणदिवड. विषारी नाही, पण डिवचला तर चावतो. बेडूक खातो आणि जातो. अक्का पहिल्यांदा "हावू, हावू" करत काठी घेऊन आल्या होत्या. त्यांना मी चहा पाजला, तेवढ्यात तो गेला. घोणस-नागाची भीती असेल तर ती तळं नसलेल्या परड्यातही धरा. उंदीर असतील तिथं ते येतात, नाग बेडकांसाठीही येतो. काठापासून घराकडची वाट साफ ठेवा, लाकडाचे ढीग तळ्यालगत नकोत, रात्री बॅटरी आणि पायात चप्पल.

देखभाल थोडी आहे. चैत्र-वैशाखात दिवसाला पाऊण-एक सेंटिमीटर पाणी उडतं. आठवड्यातून दोनदा दगडावरून हळूहळू भर घालते. धाग्यांचं शेवाळ काठीला गुंडाळून काढायचं आणि ते एक रात्र काठावरच ठेवायचं, म्हणजे त्यात अडकलेले जीव परत पाण्यात जातात. मग आंब्याच्या आळ्यात. पहिल्या महिन्यात पाणी हिरवं होईल, बदलू नका, झाडं वाढली की निवळतं. दिवाळीनंतर गाळ काढायचा, दरवर्षी अर्धाच, पाणी न उपसता. रात्री तळ्यावर दिवा नको.

गणपतीत नातवंडांनी हट्ट धरला होता, घरचा बाप्पा आपल्याच तळ्यात सोडूया, कपिलेश्वरच्या तलावावर किती गर्दी असते! मूर्ती शाडूची होती, तरी रंग आणि एवढी माती माझ्या एवढ्याशा तळ्याला झेपणारी नव्हती. बादलीत विसर्जन केलं आणि ते पाणी नारळाला घातलं. मुलं रुसली. संध्याकाळी भाताच्या शिवाराकडून तांबूस-पिवळ्या चतुरांचा थवा परड्यावर आला, शंभर तरी असतील, तेव्हा रुसवा गेला. पावसाळ्यानंतर दिसणारे हे चतुर वाऱ्यावर समुद्र ओलांडून आफ्रिकेपर्यंत जातात, हे मी मुलांना सांगितलं. धाकट्याने विचारलं, पासपोर्ट?

ज्यांना परडंच नाही त्यांनी जुनी दगडी डोण शोधावी, गुरांना पाणी पाजायची. आता गोठे मोडलेत, कुठंतरी पालथी पडलेली मिळते. फूटभर पाणी, थोडी हायड्रिला, एक वेखंड. बेडूक कदाचित येणार नाहीत, चतुर आणि पाखरं येतात. डास तपासायचं काम तेवढंच. आणि आत तीन विटा पायरीसारख्या रचा, त्यांवर एक खरबरीत लाकडाची फळी तिरकी टेकवा, खालचं टोक तळाला, वरचं काठाच्या वर चार बोटं. पाणी कमी झालं तरी फळी पोचते ना, हे महिन्यातून एकदा बघा.